माझ्याच पेशी, माझंच भाषण

३ डिसेंबर
रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी काढून घेतल्या, उरलेलं परत अंगात. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणार आणि सलाईनमधून मलाच देणार. फुप्फुसातल्या गाठींवर तुटून पडतील म्हणे. केमोने काही केलं नाही, म्हणून हे. "पुरावा?" मी विचारलं. डॉ. म्हणाले, "अभ्यास चालू आहेत, सर." आयुष्यभर व्यासपीठावरून बुवाबाबांकडे पुरावा मागत आलो. सही केली.

२२ डिसेंबर
पेशी चढवल्या. संध्याकाळी ताप, हुडहुडी. मी खूश, लढाई सुरू झाली! नलू घाम पुसत म्हणाली, "तापाला कौल समजताय की काय? दुसरं कुणी तसं समजलं असतं तर फाडून खाल्लं असतंत." इतकी वर्षं माझी भाषणं ऐकून बायको तयार झालीय.

८ फेब्रु.
दवाखान्यात रुग्णांचा मेळावा. "सर, दोनच शब्द." माईक हातात आला आणि खोकलासुद्धा थांबला. "उसनं काही नाही! माझंच सैन्य माझ्यासाठी लढतंय!" टाळ्या. लोक रडले. गाठींचा सीटी स्कॅन अजून व्हायचा होता.

१७ फेब्रु.
सीटी. गाठी वाढल्या, नव्याही आल्या. डॉ. खिडकीकडे बघत बोलले.

२१ फेब्रु., शनि.
घोटीहून कुणा मंदाबाईंचा फोन. नवऱ्याच्या फुप्फुसात गाठी. दवाखान्याने टाकलेला माझ्या भाषणाचा व्हिडिओ पाहून केमो बंद केली. "गुण येत होता भाऊ, पण लय उलट्या. तुमचं ऐकलं आन् ठरवलं."
गुण येत होता!
सगळं सांगितलं. माझ्या गाठी वाढल्यात, केमो सोडू नका. हल्ली दम लागतो, आवाज फाटतो. प्रत्येक वाक्य अर्ध्यात तुटत होतं.
"तब्येत बरी नाय वाटतं आज. मन खचलंय, म्हणून असं बोलता. सोमवारी आणते ह्यांना तिथं."

२२ फेब्रु., रवि.
डॉ.ना फोन. त्या माणसाला घेऊ नका म्हटलं. "शेवटी निर्णय रुग्णाचा, सर." व्हिडिओ काढून टाकतो म्हणाले. पण तो आता कुणाकुणाच्या फोनमध्ये.
मंदाबाईंनी मलाच पाठवलाय. खाली लिहिलंय : भाऊ हे ऐका, धीर येईल.
"नका लावू," नलू म्हणाली. लावला. खोडून काढावं असं वाक्य शोधत बसलो. मलाही पटत गेलं.
उद्या सकाळपासून दवाखान्याच्या दारात बसणार. त्यांना अडवायचं. पण कुठल्या आवाजात? ह्या फाटक्या, की त्या व्हिडिओतल्या?