देवाच्या आधी खाल्लेली भाजी

प्रिय आई,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. तेल लावतेस ना रोज?

मोखाड्याची हवा मला मानवलीय. शाळेतली पोरं लाघवी आहेत आणि मधे ताप आला होता तोही गेला. डोंगर इतके हिरवे झालेत की लालबागला आपल्याला कुंडीतल्या तुळशीचं कौतुक होतं, याचं हसू येतं.

परवा उतारावरची कोवळी रानभाजी खुडली, लसूण-मिरचीवर परतली, पोटभर खाल्ली आणि वाटीभर शेजारच्या सोमीआजींना द्यायला गेले. त्यांनी हातही लावला नाही. इथे नवी भाजी आधी देवाला दाखवतात, मग सगळा पाडा एकाच दिवशी खातो. तोवर घरात काही नसलं तरी कुणी पान तोडत नाही. मला तूच आठवलीस. नैवेद्याआधी मोदकाकडे नुसतं बघितलं तरी डोळे वटारायचीस.

मी माफी मागितली, तर आजी म्हणाल्या, "पाहुणीला दोष लागत नाही. पुढल्या सालापासून लागंल."

बदलीचं तू दर फोनला विचारतेस. आई, रागावू नकोस, पण पुढल्या साली मला दोष लागावा असं वाटतंय.

तुझीच,
दर्शना