हक्काचा बेशुद्ध

बोईसर, बुधवार

सौ. सुगंधाअक्कास,

धाकट्या मारुतीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की सध्या आडवं पडून केलेला नमस्कारच मला झेपतो.) तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आता ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे प्रियदर्शिनी खुशाल आहे. मी दिसायला खुशाल आहे. हेच माझं दुखणं आहे, पण ते पुढे सविस्तर लिहितो.

तुझे तिन्ही व्हॉईस मेसेज ऐकले. तिसऱ्यात तू रडत होतीस आणि मागे कुकरची शिट्टी होत होती, तरी शब्दन्‌शब्द कळला. स्नेहाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं आणि सख्खा मामा ‘बघू, जमवतो’ म्हणतो, म्हणजे त्याला बायकोनेच फूस लावली असणार, असं तुझं म्हणणं. अक्का, त्या बिचारीने काहीही केलेलं नाही. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं, आणि मला त्या उभं राहण्याचीच धास्ती आहे. फोनवर सांगायला घेतलं की अर्ध्यातच धाप लागते, म्हणून हे पत्र.

एकवीस सालच्या कोविडमधून मी उठलो हे तुला ठाऊक आहे. पुरता उठलोच नाही, हे मात्र मी नातलगांत कुणाला सांगितलेलं नाही. आंघोळ केली की आंघोळीचा शीण घालवायला पडावं लागतं. जिना चढून घरी आलो की दारातल्या पायपुसण्यावरच दहा मिनिटं बसतो (प्रियदर्शिनी आता झाडताना मला वळसा घालते). पालघरच्या डॉक्टरांनी झाडून सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट इतके उत्तम आले की त्यांना स्वतःच्या रिपोर्टचं वाईट वाटलं. भला माणूस. म्हणाले, कोविडनंतर काहींचा थकवा असा वर्षानुवर्षं रेंगाळतो, तो खोटा नसतो, दमायच्या आधी बसत जा. आता कारखान्यात दमायच्या आधी बसणाऱ्याला काय म्हणतात ते दाजींना विचार, त्यांची हयात साखर कारखान्यात गेली आहे.

आमचं पॅकिंग खातं म्हणजे आठ तास उभ्याने काम. बसायचं काम द्या म्हणून मी साहेबांना रिपोर्ट दाखवले, तर त्यांनी माझं अभिनंदन केलं. पण देव दयाळू आहे. आमच्याकडे रसायनं असल्यामुळे अधूनमधून वायुगळतीचा सराव होतो. भोंगा वाजतो, सगळे वाऱ्याची दिशा बघून पळतात, आणि एकाने बेशुद्ध पडायचं असतं. कपडे मळतात आणि वर हसं होतं, म्हणून ते काम कुणालाच नको असतं. सेफ्टी ऑफिसर कमलेश ‘कोण पडणार?’ असं विचारत आला आणि माझा हात वर गेला. (आजारपणानंतर मी आपणहून केलेली ही पहिली हालचाल.) हेल्मेट काढून नीट बाजूला ठेवलं, आडवा झालो आणि खरोखर झोपलो. मला स्ट्रेचरवर घातलं, गाडीत चढवलं, कानाशी शिट्टी फुंकली, मी ढिम्म. पाहुण्या तपासनिसांनी लिहून दिलं, ‘बेशुद्ध कामगाराचं काम वाखाणण्याजोगं.’ तेव्हापासून शेजारपाजारचे कारखानेही सरावासाठी मलाच मागून नेतात. आदल्या दिवशी कमलेश बजावतो, “मारुतीभाऊ, आज आराम करा, उद्या पडायचंय.” माझ्या आरामाची काळजी या एमआयडीसीत फक्त तेव्हाच घेतली जाते.

आणि मागच्या मंगळवारी भर दुपारी मी खरा पडलो. भोंगा नाही, काही नाही, खोकं उचलता उचलता गुडघे दुमडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमलेशने वेळ मोजायला घड्याळ लावलं. शेजारच्या मशीनवरच्या रूपेशने फोटो काढला. मला सगळं ऐकू येत होतं, पण जीभ उचलत नव्हती. झाडलोट करणारी नवसी तेवढी जवळ आली आणि ओरडली, “अरे, दादा खोटं नाय पडले! खोटं पडतात तवा टोपी बाजूला ठेवतात. आज टोपी गडगडत गेली हाय. पानी आना कुनीतरी!” मग एकच धावाधाव झाली. नोंदवहीत ‘पूर्वसूचनेविना घेतलेला सराव, समाधानकारक’ असं लिहिलं गेलं, पण मला वजनकाट्यावर बसायचं काम मिळालं. अक्का, तिने पाणी पाजलं तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो. साहेबांना ढीगभर रिपोर्ट बघून जे कळलं नाही, ते तिला एका टोपीवरून कळलं.

असो. पत्र लांबलं. एका बैठकीत झालेलं नाही, चार वेळा पडून पडून लिहिलं आहे. दाजींना नमस्कार, स्नेहाला अनेक आशीर्वाद.

तुझा धाकटा,
मारुती

ता. क. लग्नाला मी येतोय. सांगलीचं तिकीट काढलं आहे, बसूनच यायचं असल्यामुळे प्रवासाची चिंता नाही. परवा घरी सराव करून पाहिला. मोबाईलवर मंगलाष्टकं लावली, स्नेहाच्या जागी प्रियदर्शिनीला उभं केलं आणि मागे उभा राहिलो. चौथ्या ‘सावधान’ला मी तिच्या खांद्यावर होतो आणि सहाव्याला खाली. तुझ्या नणंदांना स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची फार हौस आहे, तेव्हा त्यातल्या किती जणी म्हणणार आहेत ते आधी कळव.

आणखी एक ता. क. नणंदांचं राहू दे, म्हणू देत त्यांना हवं तेवढं. तू फक्त स्नेहाच्या मागे एक खुर्ची ठेव, हातांची. लोक म्हणतील मामा पिऊन आलाय, नाहीतर माजलाय. त्यांना खरं काय ते सांग. चार वर्षं मी हे तुमच्यापासून लपवलं, कारण रिपोर्ट चांगले असलेल्या माणसाला थकल्याची लाज वाटते. शास्त्रात बसतं का ते भटजींना विचारू नकोस. स्नेहाला विचार, बसलेला मामा चालेल का तिला?