बिस्किटांचा डबा, पुढल्या दाराने

॥ श्री ॥
मधला कोंड, ता. रत्नागिरी
११ जुलै २०२५

ती. वन्सं यांस,
हौसाचा सा. न. वि. वि.

तुमच्या नावामागे 'गं. भा.' लिहायला पेन उचललं आणि परत ठेवलं. चाळीस वर्षं 'सौ.' लिहिलं, आता हात तिकडे वळत नाही. नुसतं वन्सं लिहिते, रागवायचं तर रागवा. तुमचे कान गेल्यापासून फोनवर मी विचारते भाताचं आणि तुम्ही सांगता गुडघ्याचं. त्यापेक्षा पत्र बरं. तुमच्या लेकाचा, शिवाचा, टेम्पो आठवड्याला बुरोंडीहून मिरकरवाड्याला जातो, वाटेत माझं घर, मग पोस्टाला कशाला त्रास.

डबा उघडायच्या आधी हे वाचा. आत बिस्किटं आहेत. दिसायला माझ्या नेहमीच्या नानकटाईसारखी, पण ती नव्हेत. म्हैस विकली, घरात लोणी नाही. परवा बुधवारी वाडीने बोकड केला, पाच घरांचे पाच वाटे. माझा वाटा माझ्या दिराने, तुमच्या धोंडूने, पाठवला, मागल्या दारी, केळीच्या पानात. सोडून बघते तर मटणाचे चार तुकडे आणि बाकी सगळी चरबी. तुमचा भाऊ गेल्यापासून सहा वर्षं हेच चाललंय. एकट्या बाईला कितीसं लागतं, असं धोंडूच्या बायकोने, रेणुकाने, शेजारी सांगितलं म्हणे. यंदा म्हटलं, चरबी तर चरबी. बारीक चिरली, घोटभर पाण्यात मंद विस्तवावर कढवली, फडक्याने गाळली. सकाळी पांढरीशुभ्र गोठली, लोण्याने लाजावं अशी. त्यात मैदा, थोडी नाचणी, गूळ, मीठ, मिरी आणि ओवा. आपण काकडीचं धोंडस भाजतो तशीच भाजली, खाली निखारे, वर तव्यात निखारे.

तुम्ही वर्षभर तिखटाला, मासळी-मटणाला, शिवत नाही हे शिवाने सांगितलं. कोणी शिवू दिलं नाही ते नाही सांगितलं. म्हणून फसवत नाही, सरळ लिहिते: यात बोकड आहे. नको असेल तर शिवाला द्या. हवं असेल तर खा, आणि कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. माझ्या नावाला आता काय व्हायचं राहिलंय.

कळावे. लोभ आहेच, तो डब्यासकट परत यावा.
तुमची,
हौसा

॥ श्री ॥
बुरोंडी
१८ जुलै २०२५

चि. हौसा हिस,
प्रभावतीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

डबा पोचला. तुला साठ पुरी झाली, तरी तुझा व्रात्यपणा जात नाही. बोकडाची बिस्किटं कोणी केलेली ऐकली नव्हती. मी अर्थातच खाल्ली नाहीत. सगळी शिवाने खाल्ली.

शिवाचं म्हणणं असं की चव चांगली आहे, पण गार झाल्यावर टाळूला चिकटतात. बोकडाची चरबी जड, तिच्यात थोडी कोंबडीची मिसळलीस तर मऊ पडतील असं तो म्हणाला. कढवताना चार लवंगा आणि आल्याचा तुकडा टाक म्हणजे उग्र वास जाईल. आणि ओवा फार झाला, पण पाणी न पिता सलग तीन-चार खाल्ली तर तितका जाणवत नाही, असंही म्हणाला.

इकडे सगळं ठीक. सकाळी उठते, पडवीत बसते, दुपारी जेवते, परत पडवीत बसते. सूनबाई चांगली आहे, काही करू देत नाही. हळदीकुंकवाला बायका आल्या की मी आतल्या खोलीत जाते. मला कोणी जा म्हणत नाही. मीच जाते.

रिकामा डबा पाठवू नये म्हणून सुक्या कोळंबीचे सोडे भरलेत. मी खात नाही, पण तुला आवडतात.

कळावे. लोभ असू दे, ओवा कमी कर.
तुझी,
प्रभावती

॥ श्री ॥
मधला कोंड
२२ जुलै २०२५

ती. वन्सं यांस,
हौसाचा सा. न. वि. वि.

तुमचा शिवा लहानपणी माझ्याकडे महिना महिना राहिलेला आहे. ओव्याचा नुसता वास आला तरी तो ताटावरून उठून जायचा. काल टेम्पो थांबला तेव्हा विचारलं की बाबा, बिस्किटं टाळूला चिकटली का. त्याने विचारलं कसली बिस्किटं. वन्सं, डबाभर बिस्किटांतलं एकसुद्धा पोराला दिलं नाहीत. मला इतकं बरं वाटलं की त्याला चहाबरोबर दोन पोळ्या जास्त वाढल्या.

तुमच्या शिवाच्या सांगण्याप्रमाणे, म्हणजे तुमच्याच, लवंग आणि आलं घातलं. कोंबडीची चरबी मिसळली. ओवा निम्मा केला. आता बिस्किट तोंडात विरघळतं. श्रावण लागायला दोन दिवस आहेत, तेवढ्यात संपवा. एक डबा गटारीला धोंडूकडेही देणार आहे, पानातून आलेल्या चरबीचं काय झालं ते त्यालाही कळू दे.

एक विचारायचं होतं. गेल्या साली वर्ष फिरलं नव्हतं म्हणून तुम्ही गौरीला आला नाहीत, ते बरोबर. यंदा येणार ना. तुमच्या डोक्यावरून तेरड्याची गौर आली नाही तर ती वाट चुकेल. बेचाळीस वर्षं तिला तुमचीच सवय आहे.

कळावे. लोभ होता तसाच ठेवावा, उगाच श्रावणात सोडू नये.
तुमची,
हौसा

॥ श्री ॥
बुरोंडी
१२ ऑगस्ट २०२५

चि. हौसा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लिहायला उशीर झाला. तू विचारलंस त्याचं उत्तर सापडत नव्हतं.

धोंडूचं बोलावणं नाही. दरवर्षी नागपंचमीला त्याचा निरोप यायचा, की अक्का, अमुक दिवशी गौर, आदल्या दिवशी ये. यंदा नागपंचमी होऊन दोन आठवडे झाले. शिवा त्याच्या दारावरून जातो, त्यालाही तो काही बोलला नाही. नम्रताचं लग्न झालं आहे, आता त्याची लेकच गौर आणील. रीतीने बरोबरच आहे. पाणवठ्यावर सवाशिणींच्या घोळक्यात मी कुठे उभी राहायची.

तू भांडशील हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते, भांडू नकोस. आत्ता माझं दार बंद झालंय की नुसतं लोटलंय, ते मला कळत नाही, आणि न कळण्यात बरं आहे. तू गेलीस आणि त्याने तोंडावर नाही म्हटलं तर माझं माहेर संपलं. या वयात ते नको. त्यापेक्षा तेरडा फुलला की इथूनच हात जोडीन.

बिस्किटं श्रावणाआधी संपली. या वेळी शिवाला दोन दिली. डब्यात कोकमं घातली आहेत.

कळावे. लोभ असावा. एवढंच.
तुझी,
प्रभावती

॥ श्री ॥
मधला कोंड
२१ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं यांस,
हौसाचा सा. न. वि. वि.

मी भांडायला गेले नाही. तुमचा शब्द मोडला नाही. भांडण माझ्या घरी चालत आलं.

आधी रेणुका आली. गटारीची बिस्किटं धोंडूने एका बैठकीत संपवली, पोरांना डबा पुसून घ्यावा लागला. तेव्हा गौरीच्या तिखटाच्या दिवशी मटण-वड्यांबरोबर पानावर ही बिस्किटं ठेवायची असं त्यांच्या घरी ठरलंय. मी करून द्यावी आणि डबा मागल्या दारी ठेवावा, ती आत नेईल. गोड बोलली बिचारी, जणू मला मानच देत होती. मी तिला बसवलं, चहा दिला. म्हटलं, बिस्किटं माझ्या एकटीची नाहीत. ज्यांनी चाखून चाखून ती सुधारली त्या येतील तेव्हा डबा येईल, आणि पुढल्या दाराने येईल. चहा तिने अर्धाच घेतला.

संध्याकाळी धोंडू आला. पायरीवर उभा राहिला, वर आला नाही. म्हणाला, वैनी, हट्ट करू नका, गाव काय म्हणेल, देवीचं कडक असतं. मी विचारलं, तीन दिवस माहेरी येऊन मटण-वडे खाऊन जाते ती गौर, तिला दोन म्हाताऱ्यांचं भय वाटतं होय. सहा वर्षं तिचं मटण मीच रांधते, तुझ्याच मागल्या पडवीत, ते तिला चालतं. माझा हात चालतो आणि तोंड चालत नाही, हे तिने तुला कधी सांगितलं. तो मग पुटपुटला की अक्काला बोलवायला जीभ उचलत नाही, ती आली आणि कोणी काही बोललं तर काय करायचं. म्हणजे वन्सं, दार बंद नाही. दाराला टेकून तुमचा भाऊच उभा आहे, घाबरून.

मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. या घरची मोठी सून मी. नणंदेला माहेरी बोलवायचं काम मोठ्या सुनेचं, दिराचं नव्हे. तेव्हा हे बोलावणं. एकतीस तारखेला, रविवारी, सकाळी शिवाच्या टेम्पोत बसा. दाभोळची फेरीबोट गाठायची तर अंधारात निघावं लागेल. आधी माझ्याकडे उतरा. चरबी भांड्यात गोठवून ठेवली आहे, श्रावण संपला की पीठ मळते. भाजायची आपण दोघींनी, तुम्ही वरचे निखारे सांभाळा, माझे नेहमी एका बाजूला करपतात.

आला नाहीत तर गौरीच्या पानावर यंदा बिस्किट नाही. मग धोंडूने देवीला काय ते सांगावं.

कळावे. लोभ पुरे झाला, आता या.
तुमची,
हौसा

॥ श्री ॥
बुरोंडी
८ सप्टेंबर २०२५

चि. हौसा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. तीन दिवस तू चुलीपाशी होतीस, म्हणून काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत, त्या लिहिते.

पाणवठ्यावर मी मागे उभी होते, ठरवून. रेणुकाने सूप नम्रताच्या हातात दिलं. पण त्या पोरीला तेरडा बांधता येईना. तीनदा बांधला, तीनदा सुटला, मुळं एकीकडे, फुलं एकीकडे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाला येणार, बेचाळीस वर्षं मीच बांधत आले, दुसऱ्या कोणी बघून ठेवलंच नाही. शेवटी नम्रताच म्हणाली, आत्या, तुम्ही बांधून द्या. मी बांधला. आणि परत दिलाच नाही. उचलून डोक्यावर घेतला आणि चालायला लागले. मागून कोणी काही म्हणालं असेल. मला ऐकू येत नाही.

दारात आले तर पायावर पाणी घालायला कोणी पुढे होईना. तेवढ्यात तू आतल्या सगळ्या माणसांतून वाट काढत तांब्या घेऊन आलीस, पदराला पीठ लागलेलं. तुला दिसलं नसेल, तू खाली वाकली होतीस, पण धोंडूने तुझ्यासाठी दाराचं दुसरं कवाड उघडलं.

तिखटाच्या दिवशी पानावर बिस्किटं त्यानेच ठेवली, पाच. मग प्रसाद म्हणून एक तोंडात टाकलं आणि म्हणाला ओवा जास्त झालाय. मी तुला जुलैपासून सांगते आहे. पुढे म्हणाला की आता पाचही घरांची चरबी वैनीकडे पाठवत जाऊ. मी म्हटलं, चरबी पाठव, पण वरती मटणाचा पुरा वाटा, आणि पुढल्या दाराने, तू स्वतः घेऊन जायचा. मान हलवली त्याने. विसरला तर मला कळव.

निघताना टेम्पोपाशी नारळ घेऊन आला. खाली बघत म्हणाला, अक्का, पुढल्या वर्षी आदल्या दिवशी ये. मला ओठांवरून कळलं होतं. तरी कानामागे हात धरला. तेव्हा त्याला पुन्हा सांगावं लागलं, ओरडून. विहिरीवरच्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या.

इकडे सूनबाईला सांगितलं की बुधवारी माझ्यासाठीही मासे आण. परवा बायका हळदीकुंकवाला आल्या, मी पडवीतच बसून राहिले. दोघींनी नमस्कार केला, एकीने नाही. तिला बिस्किट दिलं नाही.

डबा रिकामा वाटेल, पण तळाशी पुडी आहे. तेरड्याचं बी. येताना खाडीच्या काठाला शेंगा पिकलेल्या दिसल्या, शिवाला टेम्पो थांबवायला लावला. नुसतं बोट लागलं की तडकतात, तुझ्याच जातीच्या. मृगाला तुझ्या पुढल्या दारच्या खळ्यात पेर, मागे नको. पुढल्या वर्षी पाणवठ्यावर न्यायची गौर तुझ्या दारातून उपटून नेऊ.

कळावे. लोभ वाढव, ओवा वाढवू नकोस.
तुझी वन्सं,
प्रभावती