दुकानाच्या काचेत आपला गॅस

ती. आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वजनही वाढलंय, तेव्हा तो प्रश्न या वेळी विचारू नकोस.

माझ्या अक्षराला तू मुंग्या म्हणतेस ना? म्हणून गेल्या आठवड्यात शाईचं पेन घ्यायला गेले. लवचीक निबेचं. दाबलं की रेघ जाड, हात सैल सोडला की बारीक. दुकानदार आजोबांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "तुमच्या लिपीत काहीही लिहून बघा." अशा वेळी माणूस आपलं नाव लिहितो. मी लिहिलं, "दूध उतू जाईल, गॅस बंद केलास का?"

पहिलं पेन खरखरत होतं. दुसरं नुसती शाई ओकत होतं. तरी दर वेळी माझ्या हातून तेच वाक्य! तिसऱ्या पेनाने 'गॅस' असा काही टपोरा उमटला की आजोबा हरखलेच. "कविता आहे का?" आता काय सांगणार? हो म्हटलं. त्यांनी तो कागद चौकटीत घालून दर्शनी काचेत लावलाय. काल एक जोडपं त्याच्यापुढे हातात हात घालून उभं होतं.

दादा फोनवर म्हणाला, पातेलं थोडंसंच करपलं. थोडंसं म्हणजे किती गं? शेजारच्या काकू डोकावतात ना? काळजी नाही, आपलं सहज विचारलं. 'सहज' जरा जाड आलाय, तो निबेचा दोष.

आता चष्मा काढू नकोस. आधी उठून गॅस बघून ये, मग खालची सही वाच. मी थांबते.

तुझी धाकटी