तुझा डावा खुबा

आई, तुझी खुर्ची अजून स्वयंपाकघरातच आहे. अकोल्याला तुझा डावा खुबा बदलला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. म्हणून ही खुर्ची आणली. आम्ही सगळे खाली पंगतीला आणि तू एकटी वर. "मी काय पावनी आहो का?" म्हणून पहिल्या दिवशी तू जेवलीच नाहीस. मग रुळलीस. डावी चप्पल फरशीवर घासत चालायची तुझी सवय मात्र नवा खुबा बसल्यावरही गेली नाही. बाहेरच्या खोलीत बसून मला कळायचं, आई ओट्याकडे निघाली.

तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. राख सावडून माणसं परतली, अस्थींचं गाठोडं अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं, आणि भावानं रुमालातून आणखी एक वस्तू काढली. मांडीच्या हाडात ठोकलेली दांडी आणि वरचा गोळा. काळपट पडलेला, पण अख्खा. मामा म्हणाला, "लोखंड अस्थीत नाही जात. बाजूले ठेवा." आत्या भडकली. "तिचंच हाड होय थे. त्याच्यावरच चालत होती ना?" तुझ्या पायावरून अंगणात भांडण जुंपलं बघ. शेवटी मामाचं चाललं. अस्थी पूर्णेत गेल्या. खुबा मी धुतला, फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवला. टाकून द्यायला हात धजला नाही.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी स्वयंपाकघरात चप्पल घासली. थांबली. पुन्हा घासली. मधलं उजवं पाऊल वाजतच नव्हतं. मी दारातून डोकावून पाहिलं, आत कोणीच नव्हतं. नदीत गेलं ते गेलं होतं, घरात राहिलं होतं तेवढंच चालत होतं. भीती कधी पुरती गेली नाही, पण सवय झाली.

आता माझाही डावा खुबा झिजलाय. अमरावतीचे डॉक्टर म्हणतात, बदलावाच लागेल. सोमवारी भरती व्हायचंय. वॉकर धरून मी उजव्या पायावर कशीबशी घरात फिरते, डावा टेकवतच नाही. तरी फरशीवर दोन पावलं वाजतात.

आज भाऊ आलाय. चहा पिता पिता त्यानं एकदम पाय वर घेतले आणि तू त्याच्या खुर्चीजवळून जाईपर्यंत खाली सोडले नाहीत. मग म्हणाला, "ताई, थो डबा दे मले. आजच पूर्णेत सोडून येतो. अर्धी अटकून राहिली आई. कावून धरून ठेवलं तिले?"

त्याचं खरं आहे. तुला मोकळं करायलाच हवं. डबा आणायला म्हणून आत आले आणि तुझ्या खुर्चीवर बसून हे लिहीत बसले. ऑपरेशननंतर लगेच उभं करतात, नव्या खुब्यावर पाऊल टाकायला लावतात. मला त्याचीच धास्ती आहे. तुझ्या वेळी तुझा हात माझ्या खांद्यावर होता.

"सापडला का?" भावानं बाहेरून विचारलं.

"नाही सापडून राहिला," मी म्हटलं.

डबा माझ्या मांडीवर आहे, आई. हा कागद त्यालाच गुंडाळते आणि दवाखान्याच्या पिशवीत तळाशी ठेवते. पहिलं पाऊल तू टाक, मग मी टाकीन. त्यानंतर तुला सोडीन, असं भावाला सांगणार आहे. तुझ्याशी काय खोटं बोलू? मला सोडायचंच नाहीये.