भिंत टणक आहे

४ मार्च

ती. दादांस धाकटीचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, आधीच कान पकडते. कारण ऐकाल तर हसाल. ह्यांच्या डोक्यात आलंय की ट्रेलर घ्यायचा, मोटारीच्या मागे जोडायचा तो, आत बिछाना-शेगडीसकट दोन माणसांचं घर असलेला. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त झाल्यावर तरी माणसानं घरात टेकावं की नाही? तर म्हणतात, लोकांना त्यांच्या मुक्कामाला पोचवलं आणि आपण स्टँडवर चहा पिऊन तसेच परत फिरलो. आता वाटेल तिथे थांबायचं.

तुम्ही कारखान्यात सारा जन्म ही चाकांवरची घरं बांधलीत, आणि तुमच्या बहिणीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. टायरवाल्याच्या मागे एका दलालाचं आवार आहे, तिथे एक जुना ट्रेलर बघितला. आधीची मालकीण शाळेतली बाई, वापर अगदी कमी. मला आवडला. फक्त एक ड्रॉवर ओढला तो अख्खा हातात आला. दलाल म्हणाला, हवामानामुळे होतं. खरं का हो?

ह्यांचा खोकला अजून आहे, पण काळजीसारखं काही नाही. वहिनींना नमस्कार. त्या तुमच्या हृदयाला जपतात तसे तुम्ही त्यांच्या गुडघ्यांना जपा. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपली,
धाकटी

---

१२ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

हवामानामुळे ड्रॉवर हातात येतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्या दलालाला माझा कोपरापासून नमस्कार सांग आणि दुसरा ट्रेलर बघ.

ड्रॉवर ही शितावरून भाताची परीक्षा असते. गिऱ्हाईक जिथे बघत नाही तिथे कारागिरानं काय केलंय ते बघायचं. ड्रॉवर काढून त्याची मागची बाजू बघ. लाकूड लाकडात अडकवलंय, स्क्रू मारलेत, की नुसत्या पिना ठोकून मोकळे झालेत? तुझा तो पिनांचा होता, न बघता सांगतो. घर एका जागी बसून म्हातारं होतं, हे बिचारं पळता पळता होतं. प्रत्येक खड्ड्यात त्याचे सांधे हलतात.

पण खरी भीती पाण्याची. पाणी म्हणजे या गाड्यांचा क्षय. बाहेरून गाल गुलाबी आणि आत सगळं पोखरलेलं. म्हणून ऊन तिरपं असताना बाहेरच्या भिंतीला गाल लावून लांबवर नजर टाक, फुगवटे दिसतात का. आत दारं-खिडक्या लावून थोडा वेळ गप्प बस आणि वास घे. एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल तर तिथेच का, असं स्वतःला विचार. बिछान्याखालचे कोपरे आणि खिडकीखालची भिंत बोटानं जोरात दाब. टणक लागली पाहिजे. बोट रुतलं की उठून चालू लागायचं, दलालानं सोन्याचे नळ दाखवले तरी. छतावर झरोक्याभोवती फटी बुजवायला भरलेली लांबी तडकलीय का ते बघायला ड्रायव्हरसाहेबांना वर चढव.

मला यायला बंदी आहे. तुझी वहिनी मला जिनासुद्धा मोजून चढू देते. तेव्हा तुझे हात आणि माझे डोळे, असं चालवू. सर्वांना आशीर्वाद, माया असू दे.

दादा

---

२० एप्रिल

ती. दादांस सा. न. वि. वि.

दोन ट्रेलर बघून झाले. छतावर मीच चढले. उन्हाचा ह्यांना त्रास होतो, म्हणून त्यांना आवारात एका टायरवर सावलीत बसवलं. मी भिंतीला गाल लावून उभी राहिले तर विकणारा बाप्या विचारतो, हृदयाचे ठोके ऐकताय काय. ह्यांना इतकं हसू आलं की खोकल्यानं जीव घाबरा झाला.

पहिल्याची जमीन न्हाणीच्या दाराशी पायाखाली दबत होती. तुमचं नाव घेऊन उठले. दुसरा मात्र चांगला वाटला. ड्रॉवर स्क्रूचे, वास नाही, भिंती घट्ट. फक्त त्याचे टायर एका बाजूनं जास्त झिजलेत. टायर काय, बदलता येतात. हा घेऊ का? ह्यांनाही पसंत आहे. पावसाळ्याआधी निघावं असं त्यांच्या मनात आहे. लवकर कळवावं. तुमच्या आशीर्वादाची वाट बघते.

धाकटी

---

२८ एप्रिल

चि. धाकटीस अ. आ.

नाही. टायर एका बाजूनं झिजले म्हणजे चाकांचा आस वाकलाय किंवा सांगाडाच पिळलाय. टायर बदलशील, नवेही तसेच झिजतील. असा ट्रेलर उतारावर मोटारीला ढकलतो. चाळीस वर्षं बस हाकलेल्या माणसाला हे कळू नये याचं नवल वाटतं, का मुद्दाम डोळेझाक चाललीय?

ही तीस वर्षं वापरायची वस्तू आहे. पावसाळा काय, दरवर्षी येतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे त्यांना माझ्याकडून वाचून दाखव. पूर्वी तुझ्या पत्राखाली दोन ओळी खरडायचे, हल्ली तेवढाही हात उचलत नाहीत. निवृत्त माणूस आळशी होतो म्हणतात. उत्तम तेच घ्या, मग मी सुखानं झोपेन.

तुझा,
दादा

---

६ जून

ती. दादांस सा. न. वि. वि.

आणखी एक ट्रेलर मिळालाय. आधीच सांगते, मला हा हवा आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं तपासलं. टायर सारखे झिजलेत. ड्रॉवर लाकडात लाकूड अडकवून केलेले, बघून तुम्ही खूश झाला असता. छताची लांबी मऊ आहे, तडा नाही. वास नाही. बिछाना खिडकीला लागून आहे, आडवं पडून रस्ता दिसतो. खिडकीखालची भिंत मी बोटानं दाबली. भिंत टणक आहे.

दाराशी बाहेर एक पायरी आहे. हे तिच्यावर बसले ते उठेचनात. दादा, या वेळी हो म्हणा. फार फिरलो आम्ही. तुमच्या उत्तरासाठी डोळे दाराकडे लावून बसते.

धाकटी

---

७ जून

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

धाकटीला न सांगता लिहितोय. ती बाजारात गेलीय. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या. आळस नाही, बोटात जोर राहिला नाही.

माझा खोकला साधा नाही. फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं की दिवाळखोराला जसे चार दिवस वाढवून मिळतात तसं समजा. पावसाळा बहुतेक निघेल, पुढचं धरू नका. तुमच्या हृदयाला धक्का नको म्हणून वहिनींनी काळजीचं काही कळवायचं नाही असं बजावलं होतं, आणि धाकटीनं ते तंतोतंत पाळलं. त्यामुळे तुम्ही तीस वर्षांच्या हिशेबानं ट्रेलर नापास करत राहिलात. तुमचं चुकलं नाही. मला त्या आवारांतून टायरवर बसून राहायचा कंटाळा आला, एवढंच.

आता मुद्द्याचं. काल तिनं खिडकीखालची भिंत माझ्यासमोर दाबली आणि म्हणाली, टणक आहे. तिला त्यातलं कळत नाही बिचारीला. ती छतावर गेल्यावर मी त्याच जागी अंगठा लावला, तो आत गेला. वासही आहे. तिला सर्दी होती म्हणून आला नसेल. हे तिला कळलं तर ती पुन्हा शोधायला लागेल, माझ्या फुप्फुसांना ओल चालत नाही म्हणून. आणखी एक शोध माझ्याच्यानं होणार नाही दादा. तुम्ही हो म्हणालात की ती शंका घेणार नाही. हा ट्रेलर पास करा. जन्मभर तुमच्या चेष्टा सहन केल्या, त्याच्या बदल्यात एवढं मागतो.

आपला,
मेहुणा

---

१५ जून

चि. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस त्यावरून बांधणी चांगली दिसते. घ्या. उशीर करू नका.

बिछान्यात तुम्ही दोघं डोकं खिडकीच्या विरुद्ध बाजूला करून झोपा, आणि ऊन पडेल तेव्हा सगळं उघडं टाका. का ते विचारू नकोस, चांगल्या गाडीलाही ते बरं असतं. ड्रायव्हरसाहेबांना माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नव्हे, नमस्कारच सांग.

दादा

---

२ सप्टेंबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. चार ओळी लिहायला आज बसले.

आम्ही जूनअखेर निघालो. ते म्हणतील तिथे थांबायचो. कधी पेट्रोल पंपाच्या मागे, कधी शेताच्या कडेला, एकदा नुसतंच वळण आवडलं म्हणून. ते पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या बघायचे आणि ड्रायव्हरांना नावं ठेवायचे. हा गिअर उशिरा टाकतो, त्याला घरी कोणी वाट बघत नाही वाटतं, असलं काहीबाही. इतकं बोलताना मी त्यांना संसारात कधी ऐकलं नव्हतं. दादा, ते सुखी होते. हे तुम्हाला कळायलाच हवं.

जुलैत मोठी सर आली आणि बिछान्यावर गळायला लागलं. म्हणाले, वरच्या मजल्यावर नळ आलाय, आणि उशी कोरड्या बाजूला ओढून झोपले. दुसऱ्या दिवशी अंगात ताप होता. तो गेलाच नाही. एका लहानशा गावातल्या इस्पितळात त्यांनी डोळे मिटले. मी डॉक्टरांना विचारलं, ओलीमुळे झालं का. ते म्हणाले, आजार कुठे जाणार ते ठरलेलं होतं, महिना इकडे की तिकडे एवढंच. एवढंच म्हणाले.

मला तुम्हाला आधी सांगायला हवं होतं की हे आजारी आहेत. तुमच्या तब्येतीला जपण्याच्या नादात मी तुम्हाला नुसता खोकला लिहीत राहिले.

एका मेकॅनिकनं ट्रेलर ओढून घरी आणून दिला. अंगणात उभा आहे. खिडकीखालची भिंत फुगून वरचा पापुद्रा सुटलाय, आतलं लाकूड काळं पडून चिवड्यासारखं हातात येतं. वहिनींना सांभाळा. मला आता पत्राशिवाय माणूस नाही.

धाकटी

---

१२ सप्टेंबर

चि. धाकटीस अ. आ.

वहिनीला बाहेर पाठवून लिहितोय, नाहीतर ती कागद ओढून घेईल.

ती भिंत कुजलेली आहे हे मला माहीत होतं. मेहुण्यांनी तुझ्या चोरून मला कळवलं होतं, आजारही त्यांनीच कळवला. पास करा म्हणाले. मी ते पत्र हातात घेऊन आठवडाभर घरात येरझाऱ्या घातल्या. पिना ठोकलेल्या दिसल्या म्हणून ज्यानं चांगले ट्रेलर परत पाठवले, त्यानं शेवटी सडका पास केला. आणि तू, माझ्या शब्दावर विसंबून, त्या भिंतीशेजारी झोपलीस.

तो महिना इकडचा होता की तिकडचा, हे मला आता कोण सांगणार? कोरड्या गाडीत ते दसपट सुखानं राहिले असते, कदाचित हिवाळाही बघितला असता. त्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तुला खरं सांगायचीही झाली नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी तक्रार करणार नाही. पण तुला फसवलं, तेवढं पदरात घे. माफी मागायला तोंड नाही.

दादा

---

२० सप्टेंबर

ती. दादांस धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी पहिल्यांदा हसले. मग बराच वेळ रडले.

तुम्ही मला फसवलं नाहीत. त्या दिवशी भिंत दाबली तेव्हा माझं बोट नखापर्यंत आत गेलं होतं. वासही आला होता, आत शिरल्याशिरल्याच. सर्दीचं त्यांना खोटं सांगितलं होतं. पण त्याआधी ते पायरीवर बसले होते आणि त्यांचा चेहरा मी बघितला होता. ते माझ्या मागेच उभे होते. मी बोट काढलं, त्या जागेवरून हात फिरवला आणि म्हटलं, टणक आहे. मग रात्रीच तुम्हाला तेच लिहिलं. तुम्ही काहीतरी पकडाल म्हणून मला धास्ती होती. तुमचं ‘घ्या’ आलं तेव्हा मला वाटलं, जन्मात एकदा तरी दादाला गंडवलं. आणि ते तिकडे मला गंडवल्याच्या आनंदात होते म्हणायचे. गाडीत आम्ही दोघं त्या भिंतीपासून डोकं लांब ठेवून झोपायचो, आणि दोघंही म्हणायचो की दादांनी सांगितलंय म्हणून.

तिघांनाही माहीत होतं, दादा. मग लपवत होतो ते कोणापासून? मी मार्चच्या पत्रात एक वाक्य लिहायला हवं होतं, की हे फार दिवसांचे नाहीत. तुम्ही त्या ड्रॉवरला चार शिव्या घातल्या असत्या आणि म्हणाला असता, उद्याच्या उद्या निघा. तो पहिला ट्रेलर कोरडा होता. ड्रॉवर सोडला तर त्याला काही झालं नव्हतं. सगळा उन्हाळा ते परक्या आवारांत टायरवर बसून होते आणि मी लोकांच्या भिंती ठोकत फिरत होते. तेवढे दिवस त्यांना रस्त्यावर मिळाले असते. ओलीनं त्यांचा महिना खाल्ला की नाही मला ठाऊक नाही. आमच्या गप्प बसण्यानं तीन खाल्ले, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्यावर राग नाही. माझ्यावर आहे, तो मी बघून घेईन. भंगारवाला उद्या ट्रेलर न्यायला येतोय.

वहिनींचं वेगळं पत्र आलं. लिहितात, तुमची तब्येत छान आहे, काळजी करू नये. दादा, डॉक्टर काय म्हणाले ते मला त्यांच्याच शब्दांत कळवा. वहिनी ओरडल्या तरी कळवा. मी पुढच्या आठवड्यात येतेच आहे, पण तोवर लिहा.

लोभ आपल्यात कधी कमी नव्हता. यापुढे थोडा कमी असला तरी चालेल, पण खरं लिहीत जावं, ही विनंती.

आपली,
धाकटी