कडेवरची ओढ

२ जून
पोहोचले एकदाची! खोली झकास आहे. उगवतीकडे खिडकी, भलंमोठं टेबल, खुर्ची मात्र एका पायाने लंगडी. शाळेतली बरी नोकरी सोडून कुठं निघालीस म्हणून ताई गाडी हलेपर्यंत कुरकुरत होती. प्रयोगशाळेचे प्रमुख गवंड्याच्या ओळंब्यासारखे ताठ, म्हणून सगळे त्यांना ओळंबासाहेब म्हणतात. त्यांनीच तळघर दाखवलं. जाड काचेच्या खोलीत, यंत्राच्या पकडीत, त्यांनी घडवलेलं चिमुकलं कृष्णविवर! दिसत काहीच नाही. मागचा दिवा तेवढा तिथं वाकडा दिसतो.

४ जून
माझं काम म्हणजे रोज दोनदा विवराच्या कडेवरची ओढ मोजायची. कड म्हणजे जिच्या आत गेलेलं काहीच परत येत नाही ती हद्द. उजेडसुद्धा नाही. साहेबांनी समजावलं, विवर लहान असलं की कडेवरची ओढ भयंकर. पायांना जास्त, डोक्याला कमी. माणसाचा दोरा होतो. विवर जितकं मोठं तितकी त्याची कड सौम्य. अवाढव्य विवराची कड ओलांडली तर माणसाला पत्ताही लागणार नाही. मग त्यांनी यंत्राने एक टाचणी आत सोडली. तिची तार झाली आणि तार नाहीशी झाली. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

११ जून
ओढ निम्म्यावर आली. साहेब खूश, जनावर माणसाळलं म्हणाले. मी म्हटलं, माणसाळलं नाही, फुगलंय. ओढ निम्मी म्हणजे विवर दुप्पट. आकडे उतरताहेत तर कशाला नाट लावतेस, असं म्हणाले. मी नोंदवहीत लाल शाईने लिहिलं आणि खाली सही ठोकली. खोड म्हणाले. खोडलं नाही.

१५ जून
आकडा जवळजवळ शून्य. साहेब काचेच्या आत गेले. मी दंड धरला होता, तो झटकला त्यांनी. काही होत नाही, हे दाखवायला वळून हात वर केला. तो हात वरच राहिला. तासभर झाला. साहेब हलत नाहीत, नुसते तांबूस आणि अंधुक होत चाललेत. ते कडेपार गेले असणार; कडेवरून निघालेला त्यांचा शेवटचा उजेड तेवढा रेंगाळत बाहेर येतोय.

१६ जून
बाकीचे सगळे पळाले. मी नाही. हे यंत्र बंद केल्याशिवाय हलणार नाही.

१७ जून
बंद केलं. उपयोग शून्य. चहा कपात स्थिर, खडू सरळ खाली पडतो, अंग दुखत नाही. आवाराच्या फाटकाकडे निघाले. पाऊण तास चालले – समोर तळघराचं दार. पाठ फिरवली, पुन्हा चालले. दारच.
कड मला ओलांडून गेलीय. कधी, ते कळलंसुद्धा नाही.

१८ जून
ताईचे निरोप येतात. माझा एकही जात नाही. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर नाही. रुसलीस का, विचारते. उद्या न्यायला येते म्हणे.
नको. नको गं.

१९ जून
ताईला लांबूनच धूर दिसावा, ती मागे फिरावी म्हणून गच्चीवर चादरी पेटवल्या. धूर आतच वळतो. पुन्हा पेटवल्या. वळू दे.

दुपार
ताईचा निरोप – फाटकाशी आलेय, किती शांत आहे गं इथं.
खिडकीतून दिसतेय ती. कड तिच्या पुढे की मागे – कळायला मार्गच नाही –
सगळ्या वाटा आत येतात? येऊ देत. चालून भागलं नाही, पळते. भिंत फोडेन, पण माझ्या बहिणीला हे –
ताई, पाऊल टाकू नकोस, मी